नाताळचा काळ आणि रोजचे ख्रिस्ती जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला, की उपासनेनंतर दारापाशी थांबून विचारले जाणारे प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात. तारखेविषयीचे आणि झाडाविषयीचे प्रश्न चारचौघांत विचारले जातात. पैशांविषयीचे, घरातील भांडणांविषयीचे आणि मृत्यूविषयीचे प्रश्न मात्र बाकीची मंडळी पांगल्यावर, आवाज खाली आणून विचारले जातात. येथे दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतले आहेत आणि दुसऱ्या प्रकाराला थोडी जास्त जागा दिली आहे.

आगमनकाळ म्हणजे नेमके काय, आणि तो केव्हा सुरू होतो?

पाश्चात्त्य परंपरेतील मंडळ्यांमध्ये नाताळच्या आधीच्या चार रविवारांना धरून येणाऱ्या तयारीच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळ असलेला रविवार असतो, म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो, आणि म्हणूनच हा काळ एखाद्या वर्षी २२ दिवसांचा, तर एखाद्या वर्षी २८ दिवसांचा होतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या याच हेतूने ४० दिवसांचा उपवास पाळतात आणि तो त्यांच्या पंचांगाप्रमाणे १५ नोव्हेंबरला सुरू होतो.

चर्चचे नवे वर्ष आगमनकाळापासून सुरू होते, हे अनेकांच्या लक्षात नसते. पहिल्या रविवारी वाचले जाणारे शास्त्रपाठही बाळ येशूविषयीचे नसतात, तर प्रभूच्या पुन्हा येण्याविषयीचे आणि जागे राहण्याविषयीचे असतात. सजावट पाहून आलेल्या पाहुण्याला ते काहीसे खटकतात. ‘आगमन’ या शब्दात घडून गेलेले येणे आणि अजून व्हायचे असलेले येणे असे दोन्ही अर्थ धरलेले आहेत. वेदीवरचे जांभळे वस्त्र त्यासाठीच असते. तिसऱ्या रविवारी काही मंडळ्यांत त्याच्या जागी गुलाबी येते, कारण वाट पाहण्याचा निम्मा टप्पा ओलांडल्याचा आनंद त्या दिवशी मानला जातो. थोडक्यात, हा काळ वाट पाहण्याचा आहे, आणि या पानावरील बहुतेक अडचणी वाट पाहण्याची सवय मोडल्यामुळेच निर्माण झालेल्या आहेत, असे माझे मत आहे.

येशूचा जन्म खरोखर २५ डिसेंबरलाच झाला का?

शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चार वृत्तांतांत, महिना किंवा तारीख कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख रोममध्ये इ.स. ३५४ मध्ये संकलित झालेल्या एका दस्तऐवजात सापडतो, आणि त्यातील संबंधित यादी इ.स. ३३६ च्या सुमाराची मानली जाते. हीच तारीख का निवडली गेली याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे रोमन लोकांच्या सूर्योत्सवाच्या जागी ख्रिस्तजन्माचा सण आणला गेला; दुसऱ्या मताप्रमाणे २५ मार्च ही मरीयेच्या गर्भधारणेची तारीख धरून तिच्यापुढे नऊ महिने मोजले गेले.

वर्षाचेही तसेच आहे. इ.स. ५२५ मध्ये दियोनिसियस एक्झिग्युअस या संन्याशाने ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत घातली. पण हेरोद राजाचा मृत्यू सर्वसाधारणपणे इ.स.पू. ४ मध्ये झाल्याचे मानले जाते, आणि मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद जिवंत होता, म्हणजे येशूचा जन्म आपल्या गणनेपेक्षा काही वर्षे आधीचा ठरतो. यामुळे विश्वासाला धक्का बसण्याचे कारण नाही. तारीख चर्चने ठरवली, घटना चर्चने ठरवलेली नाही, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

काही मंडळ्यांचा नाताळ जानेवारीत का असतो?

कारण त्या सणवारांसाठी जुने ज्युलियन पंचांग वापरतात. १५८२ मध्ये आलेल्या ग्रेगोरियन पंचांगापेक्षा ते सध्या १३ दिवस मागे आहे, त्यामुळे त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. रशियन आणि सर्बियन ऑर्थोडॉक्स मंडळ्या याच पद्धतीने चालतात. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ पासून २५ डिसेंबर स्वीकारला. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च मात्र ६ जानेवारीला प्रभूचा जन्म आणि बाप्तिस्मा एकत्रच साजरे करते.

गव्हाणीच्या देखाव्यात जे दिसते, ते सगळे शास्त्रात आहे का?

नाही, आणि हे तपासून पाहण्यात मोठा आनंद आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळ आहेत, मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक) नाहीत. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी आहेत, मेंढपाळ नाहीत. मार्क आणि योहान जन्माची हकिकत सांगतच नाहीत. मागी किती होते हे मत्तय लिहीत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तेही तिघे असावेत असे पुढे धरले गेले. ते बाळाला भेटले ते घरात, आणि हेरोदाने दोन वर्षांच्या आतील मुलगे मारण्याचा हुकूम दिला, यावरून तोपर्यंत बरेच दिवस लोटले असणे शक्य आहे. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीत. यशया १:३ मध्ये बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखते असे म्हटले आहे, तेथून ते देखाव्यात आले. मरीया गाढवावर बसून आल्याचाही उल्लेख नाही.

सर्वांत मोठा गैरसमज उतारशाळेच्या निर्दयी मालकाविषयी आहे. नाटुकल्यात ही भूमिका मिळावी म्हणून मुले भांडतात, पण असा मालक लूकमध्ये कोठेच नाही. लूक २:७ मध्ये ज्याचे भाषांतर ‘उतारशाळा’ असे होते, तोच मूळ ग्रीक शब्द लूक २२:११ मध्ये शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील सराईसाठी लूकने वेगळा शब्द वापरला आहे. त्यामुळे अनेक अभ्यासकांचे म्हणणे असे आहे, की येथे नातेवाइकांच्या घरातील पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी. ती आधीच भरलेली होती आणि म्हणून बाळंतिणीची सोय घराच्या त्या भागात झाली जेथे रात्री जनावरे बांधली जात. हा अर्थ स्वीकारला, तर ही गोष्ट दारे बंद करणाऱ्यांची राहत नाही. पाहुण्यांनी खचाखच भरलेल्या घरात एकीसाठी कशीबशी जागा काढली गेली, अशी ती गोष्ट होते, आणि सणासुदीला ज्यांच्या घरी अंथरुणे कमी पडतात त्यांना ती लगेच ओळखीची वाटते.

देखावा त्यामुळे टाकून द्यावा असे मुळीच नाही. असिसीच्या फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे गवताने भरलेली गव्हाण आणि जिवंत बैल-गाढव आणून नाताळची उपासना केली, ती लोकांना ही घटना डोळ्यांनी पाहता यावी म्हणून. घरी लहान मुले असतील तर एक सोपी युक्ती करता येते: मागींच्या मूर्ती देखाव्यात न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फडताळावर ठेवाव्यात आणि दररोज वीतभर पुढे सरकवत ६ जानेवारीला गव्हाणीपाशी आणाव्यात. त्यांतला एक मागी मध्येच सोफ्याखाली हरवतो, हा अनुभव बहुतेक घरांना येईल.

बायबलमध्ये नाताळ पाळण्याची आज्ञा नाही. मग तो पाळणे चुकीचे नाही का?

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळचा सण रद्द केला होता, आणि मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. ही बंदी घालणारी माणसे नास्तिक नव्हती. शास्त्रात जे सांगितलेले नाही ते उपासनेत आणू नये, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल याच जातीच्या वादाला उत्तर देतो. कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोष लावू नये, असा त्याचा निर्णय आहे. तेव्हा पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला कोरडा म्हणू नये आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याला जगिक म्हणू नये.

झाड, दिवे आणि सांताक्लॉज यांचे काय?

झाडाविरुद्ध यिर्मयाचा दहावा अध्याय दाखवला जातो, परंतु तेथे लाकूड तासून, सोन्यारुप्याने मढवून केलेल्या मूर्तींचा विषय आहे. झाडापुढे कोणी प्रार्थना करत नसेल तर ते घराची शोभा एवढेच राहते.

सांताक्लॉजच्या मागे चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप निकोलस यांची आठवण आहे. मायरा आजच्या तुर्कस्तानात येते आणि त्यांचा स्मरणदिन ६ डिसेंबर आहे. गरजूंना गुपचूप मदत करणारा म्हणून त्यांची ख्याती राहिली. मुलांना काय सांगावे, हा पालकांचा निर्णय आहे. माझे मत एवढेच, की मूल खेळ म्हणून विचारत असेल तोवर खेळ चालू द्यावा, पण ज्या दिवशी ते तोंडाकडे पाहून ‘खरे सांगा’ म्हणेल त्या दिवशी खरे सांगावे. कारण तेच मूल पुढे येशूविषयीही तुम्हालाच विचारणार आहे.

‘एक्स-मस’ लिहिल्याने ख्रिस्ताचे नाव पुसले जाते का?

नाही. ते अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, ‘ख्रिस्तोस’ या शब्दाचे पहिले अक्षर, आणि ख्रिस्ती लेखक शतकानुशतके ते संक्षेप म्हणून वापरत आले आहेत. मराठीत तर आपण ‘नाताळ’ म्हणतो, जो शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि ज्याचा अर्थ ‘जन्माचा’ एवढाच आहे; त्यातही ख्रिस्ताचे नाव नाही आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केल्याचे आठवत नाही.

डिसेंबरात प्रार्थनेला आणि वाचनाला वेळच उरत नाही. काय करावे?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक मोठी योजना आधीच मोडून पडलेली असते. म्हणून पहिला सल्ला असा, की योजना लहान करावी. लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक अध्याय वाचला, तर २४ तारखेला ते पूर्ण होते. यात एक गंमत आहे: जन्माची कथा दुसऱ्याच दिवशी वाचून होते, आणि नाताळच्या आदल्या रात्री आपण रिकाम्या कबरेपाशी आणि, पुन्हा उठलेला येशू शिष्यांना भेटला त्या, अम्माऊसच्या वाटेवर असतो. सुरुवातीला हे विचित्र वाटते. पण गव्हाणीतले बाळ कोण होते हे त्याशिवाय कळत नाही. एक सावधगिरी सांगायला हवी. पहिल्या अध्यायात ८० वचने आहेत, आणि बरेच जण पहिल्याच दिवशी तेथे गळतात. तो अध्याय नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन दिवसांत आधीच वाचून ठेवावा. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढण्याच्या मागे न लागता त्या तारखेच्या अध्यायावर जावे.

कुटुंबासाठी चार मेणबत्त्यांची पद्धत सोयीची आहे: पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, असे करत चौथ्या आठवड्यात चारही पेटतात. १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न या पाळकांनी आपल्या आश्रयगृहातील मुलांना नाताळला किती दिवस उरले हे दिसावे म्हणून चाकावर मेणबत्त्या लावल्या, आणि आजचे आगमनचक्र तेथून पसरले. रात्रीच्या जेवणाआधी दिवा घालवावा, फोन पालथे ठेवावेत, एकाने काडी ओढावी आणि दुसऱ्याने चार-सहा वचने वाचावीत. वाचणारे मूल ‘अलीशिबा’ या नावाशी अडखळते, धाकटे मेणबत्ती विझवण्याची पाळी आपली आहे की नाही एवढ्याकडेच लक्ष ठेवून असते, आणि मेण टेबलावर सांडते. हे सगळे मिळून पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे भक्तिपूर्ण वाटली नाहीत म्हणून ती बंद करू नयेत. अलीशिबेचा नवरा जखऱ्यासुद्धा मंदिरात धूप जाळण्याचे आपले नेमून दिलेले कामच करत होता, तेव्हा देवदूत त्याच्यापुढे उभा राहिला.

घरातील सगळे काम एकाच व्यक्तीवर पडते. तिने उपासनेला मन कसे लावावे?

या प्रश्नाला उत्तर देताना लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट हमखास सांगितली जाते (मरीया येशूपाशी बसून ऐकते, मार्था कामात गुंतून तक्रार करते), आणि ती बहुधा चुकीच्या माणसाला सांगितली जाते. येशू मार्थेला काम व्यर्थ आहे असे म्हणत नाही. ती अनेक गोष्टींची काळजी आणि दगदग करते, हे तो तिचे नाव दोनदा घेऊन, मायेने दाखवून देतो. पण बैठकीत बसून जेवणाची वाट पाहणाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या बाईला ही गोष्ट ऐकवणे शोभत नाही. ज्याला मार्थेवर प्रवचन द्यायचे असेल त्याने आधी भांडी घासून घ्यावीत.

व्यवहारात असे करता येते, की सणाच्या आठवड्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून कामांची यादी करावी, तिच्यातील जे केले नाही तरी कोणाचे अडणार नाही ते खोडावे आणि उरलेले नावानिशी वाटून घ्यावे. २४ च्या रात्रीच्या किंवा २५ च्या सकाळच्या उपासनेला घरातील प्रत्येक जण निदान एकदा जाऊ शकेल, अशी पाळी लावावी. त्यासाठी एखादा पदार्थ कमी झाला तर चालते.

भेटवस्तूंवर किती खर्च करावा? कर्ज काढून सण करणे योग्य आहे का?

कर्ज काढून सण करू नये, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. हप्ते फिटेपर्यंत पुढचा आगमनकाळ येतो, आणि ज्या वस्तूसाठी कर्ज काढले तिची घडी तोवर विसकटलेली असते. रक्कम बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी ठरवावी, ती कागदावर लिहावी आणि पती-पत्नी दोघांनाही ती ठाऊक असावी. निम्मी भांडणे आकड्यावरून होत नाहीत, तो लपवल्यावरून होतात.

ज्यांना कमी देण्याची लाज वाटते त्यांनी लूक २:२४ पाहावे. बाळाला मंदिरात आणले तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी दोन पक्ष्यांचे अर्पण केले, आणि लेवीय १२:८ प्रमाणे ही सवलत ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होती. पौलही करिंथकरांस लिहितो, की देण्याची उत्सुकता असेल तर माणसापाशी जे आहे त्या मानाने ते मान्य होते, जे नाही त्या मानाने नाही. मुलांना यंदा एकच भेट मिळणार असेल तर ते आधी, साध्या शब्दांत सांगावे. आदल्या रात्री सांगितले तर रडणे होते. तीन आठवडे आधी सांगितले तर मुले आश्चर्यकारक रीतीने समजूतदार होतात.

दान करताना त्याचे फोटो मंडळीच्या गटावर टाकावेत का?

घेणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर टाकू नयेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याविषयी जे सांगितले आहे, त्याला फोनचा अपवाद नाही. हिशेब मंडळीपुढे ठेवणे वेगळे. तो आकड्यांत ठेवता येतो. शिवाय मदत डिसेंबरात एकदम येते आणि फेब्रुवारीत आटते. देण्याची रक्कम बारा महिन्यांत वाटता आली तर ज्यांना ती मिळते त्यांची फार सोय होते.

यंदा आमच्या घरी मृत्यू झाला आहे. आम्ही सण करावा का?

करायलाच हवा असे नाही, आणि करू नये असेही नाही. दुःखात असलेल्या घराला दोन्ही बाजूंनी सल्ले मिळतात: एक बाजू म्हणते ‘आनंदाचा सण आहे, विश्वासात उभे राहा’, दुसरी म्हणते ‘वर्ष झाल्याशिवाय काही करू नका’. यांपैकी एकाही बाजूला शास्त्राचा आधार नाही. घरातील ज्यांचे दुःख सर्वांत जवळचे आहे त्यांना काय झेपते, हे विचारून तेवढेच करावे, आणि त्यांनी ऐन वेळी मन बदलले तरी त्याबद्दल स्पष्टीकरण मागू नये.

ख्रिस्तजन्माच्या कथेतच रडणे आहे, हे अशा वर्षी लक्षात येते. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमातील बाळांच्या कत्तलीनंतर इस्राएलची पूर्वमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते, आणि मत्तय तिला गप्प करत नाही. २८ डिसेंबरला अनेक मंडळ्या त्या बालकांचे स्मरण करतात. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारावर संपते, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही. ज्याला कॅरोल गाता येत नाही त्याने ते स्तोत्र वाचावे. तीही प्रार्थनाच आहे. काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास, उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठ्या रात्री, शोकाकुलांसाठी शांत उपासना ठेवतात. तुमच्या मंडळीत नसेल तर पाळकांना सुचवायला हरकत नाही. त्यासाठी दहा खुर्च्या आणि थोडा वेळ पुरतो.

भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य बोलू नये. तुम्हाला ती ठाऊक नाही. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. जेवणाच्या वेळी सवयीने एक ताट जास्त मांडले जाते, मग मांडणाऱ्याच्या ध्यानात येते आणि ते मुकाट्याने परत फडताळात जाते. तेव्हा सगळे खाली बघतात. त्या क्षणी कोणी तरी त्या माणसाची एखादी आठवण सांगितली, मग ती हसण्याची का असेना, तर घर मोकळे होते. आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि आपण त्याला पुन्हा उठवणार हे तर त्याला माहीत होते.

आणि उदासपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर घरातल्या एका माणसाला ते आजच सांगून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. ते विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण नाही.

ज्या नातेवाइकाशी बोलणे बंद आहे, तो सणाला येणार आहे. कसे वागावे?

मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास सांगितले आहे, आणि तेथील शब्दरचना नीट पाहिली पाहिजे: तुमच्या मनात त्याच्याविषयी काही आहे असे नव्हे, तर त्याच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवले तर. म्हणजे पहिले पाऊल आपल्याकडे येते. दुसरीकडे रोमकरांस १२:१८ मध्ये पौल शांतीने राहण्यास सांगताना ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशी मर्यादाही घालतो. समोरच्याच्या वाट्याचे काम तुम्हाला करता येणार नाही.

पाहुणे जमण्याच्या दिवशी मोठा खुलासा काढू नये. शक्य असल्यास आधी फोन करावा आणि एवढेच म्हणावे, की तुम्ही येत आहात याचा आनंद आहे. समोरासमोर बसून होणारी बोलणी लगेच पेटतात, असा माझा अनुभव आहे; जेवणानंतर एकाने भांडी विसळावीत आणि दुसऱ्याने पुसावीत, दोघांचेही डोळे ताटांवर असावेत, तेव्हा तीन वर्षांत न निघालेले वाक्य निघून जाते. न निघाले तरी भांडी होतात.

हे सर्व साध्या भांडणांविषयी आहे. जेथे मारहाण झाली आहे, लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा जिवाची भीती आहे, तेथे क्षमेच्या नावाखाली त्या माणसाला पुन्हा घरात घ्यायला कोणी भाग पाडू नये. क्षमा करणे आणि पुन्हा धोक्यात जाऊन बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंडळीने येथे पीडिताच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

जोडीदार विश्वासात नाही, किंवा पाहुणे वेगळ्या धर्माचे आहेत. साक्ष कशी द्यावी?

१ पेत्र ३:१५ मध्ये आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने द्यावे, असे सांगितले आहे. उत्तर द्यायचे तर आधी प्रश्न यावा लागतो. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला प्रवचन वाढू नये. नेहमीची जेवणाआधीची प्रार्थना थोडक्यात करावी, ती करणार आहोत हे आधी सांगावे, आणि पाहुणा काय खात नाही हे विचारून त्याप्रमाणे स्वयंपाक करावा. जोडीदाराला उपासनेला येण्यासाठी एकदा मनापासून विचारावे; तो नाही म्हणाला तर परतल्यावर तोंड पाडून बसू नये.

नाताळच्या दिवशी मला कामावर जावे लागते. हे चुकीचे आहे का?

मुळीच नाही. लूकच्या कथेत ही बातमी सर्वांत आधी ज्यांना मिळाली ते रात्रपाळीवर होते, आणि बाळाला पाहून ते परत आपल्या कळपांकडे गेले. रुग्णालयात रात्रीच्या पाळीवर असलेली परिचारिका दोन वाजता, सलाइनची बाटली बदलून आल्यावर, खुर्चीत बसून फोनवर लूकचा दुसरा अध्याय वाचते, आठव्या वचनापर्यंत येते आणि घंटा वाजते म्हणून उठते. तिचा नाताळ अपुरा राहिला असे मला वाटत नाही. घरच्यांनी मात्र तिच्यासाठी जेवण राखून ठेवावे आणि भेटी ती आल्यावर उघडाव्यात.

मद्यपानाविषयी मंडळीची भूमिका काय?

मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही. काही पूर्ण वर्ज्य मानतात, काही नाही. द्राक्षारसाने मस्त होऊ नका, हे इफिसकरांस ५:१८ मधील वचन मात्र सर्वांनाच लागू आहे, आणि पाहुण्यांत कोणी व्यसन सोडण्याच्या प्रयत्नात असेल तर रोमकरांस १४:२१ प्रमाणे त्या दिवशी घरात बाटली नसावी.

२५ तारीख झाली की सगळे संपल्यासारखे वाटते. पुढे काय?

पंचांगाप्रमाणे तेव्हा सण नुकता सुरू झालेला असतो. इ.स. ५६७ मध्ये तूर येथे भरलेल्या धर्मसभेने नाताळपासून प्रभुप्रकटीकरणापर्यंतचे (मागींच्या भेटीच्या सणापर्यंतचे) दिवस सणाचे म्हणून नोंदवले, आणि ६ जानेवारीला येणाऱ्या त्या सणाआधीचे बारा दिवस आजही पाळले जातात. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचे स्मरण येते. त्यानंतर बेथलेहेमातील बालके, आणि मग मिसर देशाकडे रात्री निघालेले कुटुंब. या आठवड्यातील वाचने गोड नाहीत, आणि सुट्टीच्या सुस्तीत ती कोणी वाचत नाही. पण पाहुणे गेल्यावर, घर शांत झाल्यावर, मत्तयाचा दुसरा अध्याय वाचायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

नव्या वर्षासाठी संकल्प करण्याची हौस असेल, तर मेथडिस्ट परंपरेतील कराराची उपासना पाहावी. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ती १७५५ मध्ये सुरू केली, आणि अनेक मंडळ्यांत ती वर्षारंभी होते. तिच्यात माणूस आपण काय काय करणार याची यादी देवापुढे ठेवत नाही. मला हव्या त्या कामाला लाव किंवा बाजूला ठेव, अशा अर्थाची प्रार्थना करतो. वजन कमी करण्याच्या संकल्पापेक्षा ती उच्चारायला पुष्कळ अवघड आहे.

राहता राहिली सजावट. काही घरांत ती ५ जानेवारीच्या संध्याकाळी उतरवतात, काही ६ तारखेनंतर, आणि काही जण २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात, कारण बाळाला मंदिरात आणल्याचा सण जन्मापासून चाळिसाव्या दिवशी त्या तारखेला येतो. कोणतीही एक तारीख घरात आधीच ठरवावी आणि त्या दिवशी घरातील सर्वांनी हजर राहावे, म्हणजे दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवण्याचे काम दरवर्षी एकाच माणसाच्या गळ्यात पडत नाही. सोफ्याखालचा मागीही बहुधा त्याच दिवशी सापडतो.